वर्गात बसून गाणं शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत मी बावीस वर्षं गाण्याचे वर्ग घेते आहे. आठवड्याला चार तुकड्या असतात. दोन लहान मुलांच्या, एक नोकरी-संसारातून वेळ काढून येणाऱ्या मोठ्या माणसांची, आणि बुधवारी दुपारची भजनी मंडळाची. नव्याने येऊ पाहणारे, मुलांना घालणारे आईवडील, दुसऱ्या गावी स्वतःचा वर्ग सुरू करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी, सगळे फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीचे प्रश्न शिकणाऱ्यांचे आहेत, शेवटचे बरेचसे शिकवणाऱ्यांचे. पाया शास्त्रीय संगीताचा आहे, पण अभंग-भावगीत शिकणाऱ्यालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

१. ताई, मला सूर-ताल काही कळत नाही. माझ्यामुळे बाकीच्यांना त्रास होणार नाही ना?

असं विचारून आलेले बहुतेक जण तिसऱ्या महिन्यात 'सा' नीट लावत असतात. फोनवर आईचं नुसतं 'हॅलो' ऐकून तिचं काहीतरी बिनसलंय हे तुम्हाला कळतं ना? मग तुमचा कान चांगला आहे. कानाने ऐकलेलं गळ्यातून काढायची सवय तेवढी लागायची आहे, आणि त्यासाठी वर्ग ही फार चांगली जागा आहे. पहिले काही दिवस तुमचा आवाज दहा आवाजांच्या आत असतो, त्यामुळे भीती कमी असते. नव्या माणसाचा कुणाला त्रास होत नाही. जो न ऐकता गातो त्याचा होतो, आणि तो दहा वर्षं शिकलेलाही असू शकतो (प्रश्न ८). फार थोड्यांची अडचण खरोखर वेगळी असते, त्यांच्यासाठी प्रश्न २० आहे.

२. खरं गाणं गुरूसमोर एकट्याने बसूनच येतं असं म्हणतात. मग वर्गात जाऊन वेळ वाया घालवायचा का?

मैफलीचा गायक व्हायचं असेल तर आज ना उद्या एका गुरूसमोर एकट्याने बसावंच लागेल, वर्षानुवर्षं. पण 'वर्गात गाणं येत नाही' हे मला मान्य नाही, आणि त्याला कारण माझ्याच गावाच्या इतिहासात आहे. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे जुन्या पद्धतीने शिकले. गुरूच्या घरी राहायचं, सेवा करायची, गुरू देतील तेव्हा घ्यायचं. ते सगळं सोसून बाहेर पडल्यावर त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथे ठरलेली वेळ होती, ठरलेला अभ्यासक्रम होता, छापील पुस्तकं होती आणि एका खोलीत अनेक विद्यार्थी होते. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे त्यांचे शिष्य. पुढे देवधरांच्या मुंबईतल्या शाळेत कुमार गंधर्व शिकले. पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये भारत गायन समाज सुरू केला, आणि १९१३ मध्ये अब्दुल करीम खाँसाहेबांनीही पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. घराण्यात वाढलेल्या माणसांनाही शाळा काढावीशी वाटली, ही गोष्ट मला मोठी वाटते.

आज मध्यमवर्गातल्या घरांतून मुली निर्धास्तपणे गाणं शिकतात, सत्तरीतल्या आजी पहिल्यांदा तानपुऱ्याजवळ बसतात, ते वर्ग आहेत म्हणून. वर्गाची मर्यादा मात्र खरी आहे. ती प्रश्न ७ मध्ये सविस्तर लिहिली आहे.

३. एका वर्गात किती जण असावेत?

माझ्याकडे मुलांच्या तुकडीत आठ, मोठ्यांच्या तुकडीत दहा. एका तासात प्रत्येकाला किमान दोनदा एकट्याने गाता आलं पाहिजे, एवढाच हिशेब मी करते. साठ मिनिटांतली वीस मिनिटं एकेकाच्या गाण्याला ठेवली तर दहा जणांना प्रत्येकी दोन मिनिटं येतात. पंचवीस जणांच्या वर्गात समूहगीत छान बसवता येतं, पण तिथे कुणाचा गंधार ('ग') उतरतोय हे शिक्षकाला कळणार नाही. वर्ग निवडताना फी विचारायच्या आधी हे विचारा: "माझं मूल तासाला किती वेळा एकटं गाईल?"

४. महिना झाला, अजून 'सा रे ग म'च चाललंय. गाणं कधी शिकवणार?

पहिला महिनाभर आम्ही मुख्यतः 'सा' लावतो आणि साधे पलटे गातो. सारेग, रेगम, गमप असे. ते कंटाळवाणं वाटतं हे मला माहीत आहे, म्हणून लहान मुलांना मी दुसऱ्याच आठवड्यात भूप रागातलं छोटंसं सरगमगीत देते. भूपात पाचच स्वर, म आणि नी नाहीत, त्यामुळे चुकायच्या जागाही कमी. मोठ्यांना थोडं थांबायला सांगते. वर्गात गाण्याची घाई केली की शब्द आणि चाल सगळ्यांना येते, पण सूर एकमेकांवर टेकून राहतात. तो टेकू नंतर काढणं फार जड जातं.

५. माझी पट्टी कोणती? वर्गात सगळ्यांना एकच पट्टी का देता?

पट्टी म्हणजे तुमचा 'सा' पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा ते. बायकांचा आवाज साधारण काळी चार ते काळी पाच (सप्तकातली चौथी-पाचवी काळी पट्टी), पुरुषांचा काळी एक ते काळी दोन. हे ढोबळ झालं. स्वतःची पट्टी शोधायची तर खाली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत ('प') आवाज न घोगरता जायला हवा आणि वर तार (वरच्या सप्तकातल्या) गंधार-मध्यमापर्यंत ('ग'-'म') न ओरडता. दोन्हीकडे जाता येईल असा 'सा' ती तुमची पट्टी. सकाळी आवाज थोडा खाली असतो, म्हणून ती संध्याकाळी ठरवावी.

वर्गात एकच पट्टी देतो ती सोय म्हणून. दहा बायकांमध्ये दोघींना काळी चार उंच पडते, एकीला खाली. अर्ध्या-एक सुराचा फरक सुरुवातीची दोन वर्षं चालून जातो. पण घरी रियाज आपल्याच पट्टीत करा. वर्गाची पट्टी आपली मानून वर्षानुवर्षं गळा ताणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पन्नाशीनंतर आवाज खाली येतो, तेव्हा पट्टीही खाली आणावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

६. आमच्या वर्गात बायका आणि पुरुष एकत्र आहेत. दोघांना जमेल अशी पट्टी कुठली?

सगळ्या गाण्यांना चालेल अशी पट्टी नाही. मधली कुठलीही घेतली तरी एका बाजूची ओढाताण होते. मी तीन वाटा वापरते.

पलटे आणि रागाचा अभ्यास वेगवेगळ्या पट्टीत. पुरुष काळी एकमध्ये गातात तेव्हा बायका हातावर ताल धरतात, मग तानपुरा काळी चारला लावायचा आणि कामं उलटी करायची. वेळ थोडा जास्त लागतो, पण ताल धरणाऱ्यांचा कान त्यात तयार होतो.

सगळ्यांनी मिळून गायचं गाणं असेल तर एका सप्तकाच्या आसपास राहणारी चाल निवडायची, आणि तीही मध्य-तार सप्तकात फिरणारी. मग काळी पाच घेतली तर बायका आपल्या जागी आणि पुरुष बरोबर एक सप्तक खाली गातात. चाल मंद्रात उतरणारी असली की पुरुषांचा आवाज विहिरीत गेल्यासारखा होतो, तेव्हा हा मार्ग घेऊ नका.

तिसरी वाट अभ्यास झालेल्यांसाठी. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार. पुरुषांच्या 'सा'चा पंचम हाच बायकांचा 'सा'. या नात्याचा उपयोग करून स्त्री आणि पुरुष गायकांनी आपापल्या पट्टीत, एकाच वेळी दोन वेगळे राग गायचे, अशी जुगलबंदी पंडित जसराजांनी बांधली. तिला 'जसरंगी' म्हणतात. वर्गात ती गाणं शक्य नाही, पण एकदा ऐकवते. षड्ज-पंचमाचं नातं फळ्यावर शिकवून जेवढं कळत नाही तेवढं त्या ऐकण्यातून कळतं.

७. वर्गात सगळ्यांबरोबर गाते तेव्हा छान येतं. घरी एकटीने गायला बसले की बिघडतं. असं का?

मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा, आणि वर्गात शिकण्याची सगळी गोम त्यातच आहे.

सगळ्यांबरोबर गाताना तुम्ही सूर लावत नसता, धरत असता. शेजारणीचा आवाज क्षणभर आधी कानावर येतो आणि तुमचा गळा त्यामागे जातो. तो क्षण इतका लहान असतो की आपल्याला स्वतःला येतंय असंच वाटतं. शेजारीण जिथे चुकते तिथे तुम्हीही चुकता, आणि सगळ्या मिळून चुकल्या की ते चुकलंय असं कुणालाच वाटत नाही. माझ्या एका तुकडीने वर्षभर यमन रागाच्या बंदिशीत (रागात बांधलेल्या गाण्यात) तीव्र मध्यम (चढा 'म') थोडा उतरलेला गायला. मलाही ते कळलं नाही, कारण मी पेटी वाजवत होते आणि पेटीने सगळं झाकलं. मी पेटी बंद करून एकेकीला गायला लावलं, तेव्हा दहापैकी सात जणींचा मध्यम खाली होता. ती चूक माझी होती. एकेकीला ऐकायचं काम मी टाळलं होतं.

तेव्हापासून क्रम असा ठेवला आहे. आधी मी गाते, वर्ग नुसता ऐकतो. दुसऱ्यांदा मी गाते, वर्ग ओठ न हलवता मनात गातो. मग सगळे मिळून. मग दोघं-दोघं. मग एकटं. एकट्याने गाताना बाकीच्यांना काम असतं: डोळे मिटून फक्त एक जागा ऐकायची, 'आज सगळ्यांचा गंधार ऐका' अशी. दुसऱ्याचा उतरलेला सूर ऐकू यायला लागला की महिन्या-दीड महिन्यात स्वतःचाही ऐकू येतो. एकट्याच्या शिकवणीत हे मिळत नाही, कारण तिथे चुकणारे आपण एकटेच असतो.

घरी करायचं ते एवढंच: पेटी नको, सोबतीला रेकॉर्डिंग नको, फक्त तानपुरा. एक ओळ गा, ती मोबाइलवर घ्या, ऐका. पहिले आठ दिवस ऐकवत नाही. नवव्या दिवशी ऐकवतं.

८. माझ्या शेजारी बसणारी फार मोठ्याने आणि बेसूर गाते. सांगू कसं?

तुम्ही सांगू नका, ते शिक्षकाचं काम आहे. मी जागा बदलते. मोठ्या आवाजाची व्यक्ती तानपुऱ्याच्या जवळ आणि पक्क्या सुराच्या दोघींच्या मध्ये. शिवाय सगळ्या वर्गालाच सांगते, "आता एवढ्या हळू गा की शेजारचीचा आवाज आपल्यापेक्षा मोठा ऐकू येईल." कुणा एकीला बोललेलं नसतं आणि ज्याला लागू आहे त्याला ते लागू पडतं. मोठ्याने गाणारे पुष्कळदा कानाने कमी ऐकणारे असतात, हेही लक्षात ठेवा. एका काकांना मी कान तपासून या म्हटलं. यंत्र लागलं आणि गाणं अर्ध्या आवाजावर आलं.

९. पेटीवर शिकावं की तानपुऱ्यावर? अ‍ॅप चालेल का?

शिकवताना पेटी हाताशी असू द्यावी, गाताना तानपुरा. पेटीचे बारा सूर समान अंतरावर बसवलेले असतात आणि तिचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो. करून पाहा. तानपुरा लावून 'ग' लांबवा, तो तानपुऱ्यात विरघळल्यासारखा वाटला की पेटीवरचा गंधार दाबा. दोन सूर घासलेले ऐकू येतात. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशकं राहिली, त्यामागे सुरांचाही हा वाद होता. मी पेटीविरोधी नाही. भजनाला पेटी हवीच, आणि नव्या माणसाला सूर दाखवायला तिच्यासारखं वाद्य नाही. पण तिच्या आधाराने गाणं म्हणजे प्रश्न ७ मधल्या शेजारणीच्या आधाराने गाणं.

अ‍ॅप अवश्य चालेल. फक्त मोबाइलचा छोटा स्पीकर नको, खर्ज (खालचा 'सा') ऐकू येत नाही. पन्नासभर रुपयांची वायर घेऊन घरातल्या मोठ्या स्पीकरला जोडा. वर्गात मात्र एकदा तरी खरा तानपुरा मुलांच्या हातात द्यावा. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत भोपळ्यापासून तानपुरा होताना बघता येतो, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. मुलांना घेऊन मी दर मे महिन्यात जाते. जवारी (तार गुंजावी म्हणून घोडीवर केलेली घासणी) लावलेली तार आणि न लावलेली तार यातला फरक तिथे ऐकला की घरी अ‍ॅप ऐकतानाही कान वेगळं शोधतो. पंचम नसलेल्या मालकंसासारख्या रागांना पहिली तार मध्यमावर लावायची, हे अ‍ॅपमध्येही विसरू नका.

१०. सूर येतो पण ताल चुकतो. तबलजी नसताना वर्गात काय करावं?

अर्धा वर्ग गातो, अर्धा हातावर ताल धरतो, मग उलट. तीनतालाच्या टाळ्या १, ५ आणि १३ वर, 'खाली' (टाळी न देता हात उलटा करायची मात्रा) ९ वर. एवढं हाताला पाठ झालं की मोबाइलवरचा ठेका लावायचा. आधी नाही, कारण ठेक्याच्या आवाजाला लटकून गायची सवय लागते. भजन गाणाऱ्यांनी केरवा-दादरा टाळेवर धरावा. टाळ हातात असलेला माणूस तालात चुकला की त्याला स्वतःलाच कळतं.

११. मुलाला कितव्या वर्षी घालावं?

घरात गाणं कानावर पडू द्यावं जन्मापासून. वर्गात सात-आठ वर्षांनी. पाच वर्षांचं मूल चाल पटकन उचलतं, पण पाऊण तास बसत नाही, आणि बसवलं तर गाण्याचाच कंटाळा धरतं. मुलांना मोठ्यांच्या पट्टीत गायला लावू नका. मुलगा असो की मुलगी, या वयात बहुतेकांना काळी पाचच्या आसपास सोपं जातं.

१२. मुलगा तेरा वर्षांचा आहे, आवाज फुटलाय. वर्ग बंद करू का?

कृपा करून बंद करू नका. याच टप्प्यावर सगळ्यात जास्त मुलगे गाणं सोडतात, आणि त्यात शिक्षकांचाही दोष असतो. मी शिकवायला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा होता, सुरेल, समजूतदार. आवाज फुटला तरी मी त्याला बाकीच्यांबरोबर काळी चारमध्येच गायला लावत राहिले. आवाज चिरकला की मुली हसायच्या. दोन महिन्यांत तो यायचा थांबला. आज तो रस्त्यात भेटला की नमस्कार करतो, गाण्याचा विषय काढत नाही.

साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांचा कंठ वाढतो आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली जातो. काही महिन्यांत, कधी वर्ष-दोन वर्षांत तो स्थिरावतो. तोवर जिथे आवाज सहज लागतो तेवढे चार-पाच स्वरच गायचे, तेही हळू. वरच्या सुरांना हट्ट नको. पट्टी दर महिन्याला तपासायची. वर्गात त्याला एकट्याने गायला लावायचं नाही, पण काम द्यायचं: ताल धरणं, तानपुरा, पेटी, दुसऱ्यांचे सूर ऐकून सांगणं. घरी आईवडिलांनी त्याच्या आवाजाची नक्कल करू नये. मुलींचाही आवाज या वयात थोडा बदलतो, जरा धूसर होतो. तो फरक लहान असतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

१३. रोज किती रियाज करायचा?

वर्गात येणाऱ्यांनी रोज वीस मिनिटं. आठवडाभर काही न करता रविवारी दोन तास गाण्याचा उपयोग नाही, उलट घसा बसतो. वीसपैकी दहा मिनिटं खालच्या स्वरांचा संथ 'आ'कार, दहा मिनिटं वर्गातला पाठ. घरात जागा नसेल तर भांडी घासताना गुणगुणा, मात्र तानपुरा चालू ठेवून.

१४. घसा बसलाय. वर्गाला यावं का?

यावं, पण गाऊ नये. नुसतं ऐकायला बसलेल्या तासातही पुष्कळ शिकून होतं. सर्दीत कुजबुजून बोलू नका, त्याने घशावर ताण वाढतो. गरम पाण्याचे घोट, वाफ, झोप. ज्येष्ठमध चघळायला हरकत नाही. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच. शिक्षिका, फेरीवाले, कीर्तनकार अशा दिवसभर बोलणाऱ्यांना मी हे वेगळं बजावते, कारण त्यांचा आवाज गाण्याआधीच थकलेला असतो.

१५. नोटेशन लिहून घ्यायचं की मोबाइलवर रेकॉर्ड करायचं?

दोन्ही, पण वर्ग संपल्यावर. शिकवत असताना सगळ्यांच्या माना वहीत असल्या की कान बंद होतात. शेवटची दहा मिनिटं मी लिहायला देते आणि एक स्वच्छ रेकॉर्डिंग गटावर टाकते. ते सतत सोबत लावून गाऊ नका.

जुनी पुस्तकं वापरणाऱ्यांना एक सूचना. नोटेशन लिहायच्या दोन पद्धती आहेत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा ठिपका म्हणजे तार सप्तक. पलुसकर पद्धतीत तोच ठिपका मंद्राचा. एका विद्यार्थिनीने आजोबांच्या पेटाऱ्यातलं पुस्तक काढून आख्खी बंदिश उलट्या सप्तकांत बसवून आणली होती. पुस्तकाच्या सुरुवातीचं चिन्हांचं पान आधी वाचा.

१६. परीक्षा द्यायलाच हव्यात का?

नाही. पण वर्गात शिकणाऱ्यांना त्यांचा उपयोग होतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ १९३१ मध्ये, पलुसकर गेले त्याच वर्षी, त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार असा चढता क्रम आहे आणि परीक्षा वर्षातून दोनदा असतात. परीक्षेला परीक्षकासमोर एकट्याने गावं लागतं. वर्गातल्या मुलांना नेमकी त्याचीच गरज असते. दहावीच्या वाढीव गुणांसाठीही मुलं बसतात. त्याचे नियम आणि मुदती बदलतात, म्हणून नववीतच शाळेत विचारून ठेवा. गुणांसाठी एका वर्षात दोन परीक्षा घाईने उरकणं मला पटत नाही. रागाची ओळख होते, पण त्याच्याशी जवळीक होत नाही.

१७. आम्ही परदेशात आहोत. ऑनलाइन वर्गात सगळे एकत्र का गाऊ शकत नाही?

खोलीत दहा फुटांवरून आवाज सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात पोचतो. इंटरनेटवर कॅलिफोर्नियातून मिरजेत यायला त्याला दहावा भाग किंवा त्याहून जास्त लागतो, आणि परत जायला तेवढाच. एवढ्या फरकाने ताल जुळत नाही. म्हणून सगळ्यांनी माइक बंद ठेवून माझ्याबरोबर गायचं, मला एका वेळी एकच जण ऐकू येणार. गंमत अशी की ऑनलाइन मुलांचा एकट्याने गाण्याचा सराव वर्गातल्या मुलांपेक्षा चांगला होतो, कारण शेजारीणच नसते. मिळून गाण्याचा आनंद मात्र त्यांना मिळत नाही. तुमच्या गावात महाराष्ट्र मंडळ असेल तर महिन्यातून एकदा त्या मुलांना एका दिवाणखान्यात जमवा.

झूमवर 'ओरिजिनल साउंड' चालू करा, नाहीतर तानपुऱ्याला ते यंत्र गोंगाट समजून पुसून टाकतं. आमच्याकडे शनिवारी सकाळी सात म्हणजे कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं बदलतात, तेव्हा दरवर्षी कुणीतरी तासभर आधी किंवा उशिरा येतं.

१८. आमचं भजनी मंडळ आहे, वय पस्तीस ते पंचाहत्तर. सगळ्यांना एकत्र कसं शिकवू?

तुमच्या हातात तयार पद्धत आहे, ती मोडू नका. वारकरी भजनात एक जण ओळ घेतो, बाकीचे उचलतात, समोरासमोरच्या रांगा आलटून पालटून म्हणतात. आधी ऐकणं आणि मग गाणं, हे त्या मांडणीतच आहे. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था सुरू केली, तिथे आजही मुलं असंच समूहात शिकतात. आपल्या मंडळांत मात्र पेटीवाल्या बाईंच्या मागे सगळ्या एकदम गातात, आणि ऐकायला कुणी उरतच नाही. दोन रांगा करा. ओळ घेण्याचं काम दर अभंगाला वेगळ्या बाईकडे द्या. पहिल्यांदा त्या लाजतील.

पट्टीचा प्रश्न मात्र अवघड असतो. सत्तरीतल्या बायकांना काळी चार झेपत नाही, त्या गप्प बसतात आणि 'आम्ही आपलं ऐकतो' म्हणतात. काळी तीनवर या. तरुणींना थोडं खाली पडेल, पण सगळ्या गातील. स्पर्धेसाठी पट्टी चढवून ज्येष्ठांना मागच्या रांगेत टाळ धरून बसवणारी मंडळं बघून मला फार वाईट वाटतं. ज्यांच्या तोंडी जुन्या चाली आहेत त्याच बायकांना आपण गप्प करतो.

१९. माझ्या वर्गात दोन वर्षं शिकलेले आणि परवा आलेले एकत्र आहेत. वेगळी तुकडी करायला माणसं नाहीत. काय करू?

एकच राग, तीन कामं. भूपाचं उदाहरण घ्या. नवे लोक मध्यलयीत आरोह-अवरोह धरून ठेवतील. मधले बंदिश गातील. जुने मुखड्याआधी (बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्याआधी) चार मात्रांचा छोटा आलाप घेऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येतील. जुन्यांना नव्यांच्या शेजारी बसवा, पण 'तू तिला शिकव' म्हणू नका. त्याने वर्गात मान-अपमान सुरू होतात. गैरहजर राहिलेल्यांसाठी पाठ पुन्हा घेऊ नका. त्यांनी दोघी-दोघींच्या गाण्यात (प्रश्न ७) तो उचलायचा.

२०. एका विद्यार्थ्याला सहा महिने झाले तरी 'सा' लागत नाही. त्याला घरी पाठवू का?

आधी तीन गोष्टी तपासा. तुम्ही बाई आणि विद्यार्थी पुरुष असेल, तर तो तुमच्या सप्तकात सूर शोधत असतो, सापडत नाही म्हणून मधेच कुठेतरी लावतो. एखाद्या पुरुषाच्या आवाजात 'सा' ऐकवा, कित्येकदा त्याच दिवशी लागतो. दुसरं, कान तपासून घ्या. तिसरं, उलटं करा: त्याला हवा तो सूर लावू द्या आणि तानपुरा त्याच्या सुरावर आणा. सूर जुळला की कसं वाटतं याचा अनुभव त्याला कधी आलेलाच नसतो. तो एकदा आला की तिथून अर्धा सूर वर, अर्धा सूर खाली असं सरकायचं. हे वर्गासमोर करू नका, तास संपल्यावर दहा मिनिटं थांबवून करा.

जन्मतःच सुरांतला फरक न कळणारी माणसं असतात, पण विरळा. बावीस वर्षांत मला अशी एकच व्यक्ती भेटली असं वाटतं. ते गृहस्थ चार वर्षं येत राहिले. ताल उत्तम धरायचे.

२१. एक बाई नियमित येतात, पण एकट्याने गायला कधीच तयार होत नाहीत. सक्ती करावी का?

एकेकट्याला ऐकल्याशिवाय वर्गात गाणं शिकवता येत नाही असं मी वर सगळीकडे लिहिलं आहे, तरी इथे उत्तर नाही असं आहे. सक्तीने माणसं गाणं सोडतात. दोघींत गाऊ द्या. जोडीदारीण पक्की निवडा आणि तिला आधीच सांगून ठेवा, ओळीच्या शेवटच्या दोन मात्रा तू हळू हो. मग चार मात्रा. आपण एकट्या गातोय हे त्यांना कळेपर्यंत अर्धी ओळ होऊन गेलेली असते.

माझ्या बुधवारच्या वर्गात अशा एक आजी आहेत. लहानपणी सोवळ्यातल्या घरात मोठ्याने गायल्या म्हणून मार खाल्लेला, हे त्यांनी सहाव्या वर्षी सांगितलं. जोडीने आता पूर्ण अभंग म्हणतात आणि मधल्या दोन ओळींत शेजारीण नुसते ओठ हलवते, हे आम्हा दोघींना माहीत आहे, बहुधा त्यांनाही. एकेकीचं गाणं सुरू होऊन त्यांच्यापर्यंत आलं की त्या मान हलवून 'नको' म्हणतात. मी पुढच्या बाईकडे वळते.